नागपूर गटग (गेट-टुगेदर): वृत्तांत आणि राहिलेल्या गप्पा

नागनदी

पोचले पोचले म्हणून सगळ्यांचे मेसेज आले तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. घर कालपासून इतकं शांत होऊन राहिलं नं, मी दोनदा गॅलरीत जाऊन पाहून आली, खाली कोणी उभं आहे का म्हणून. हॉलमधल्या सात गाद्या अजून तशाच आहेत, नवरा म्हणते राहू दे आजचा दिवस.

वृत्तांत मी लिहायचा असं स्टेशनवर ठरलं होतं तर लिहून राहिली, पण क्रमाने नाही जमणार मला, जे आधी आठवते ते आधी.

मला सगळ्यात जास्त आवाज आठवून राहिले. आपण ह्या संस्थळावर एकमेकांना नऊ वर्षांपासून वाचतो. कोण पूर्णविराम देत नाही, कोण तीन-तीन उद्गारचिन्हं टाकते, कोण रात्री दोनला जागं असते, सगळं पाठ. दुर्बीण काकांचा प्रतिसाद तर मी नाव न पाहता ओळखते. पण त्यांचा आवाज माझ्या डोक्यात एकदम भारदस्त होता, रेडिओवरच्या बातम्यांसारखा, आणि शनिवारी सकाळी झिरो माईलपाशी मागून कोणीतरी इतक्या मऊ आवाजात "नागनदी का?" म्हटलं की मला वाटलं कोणी आजोबा पत्ता विचारून राहिले. वळून पाहिलं तर अकोल्याहून आणलेली कापडी पिशवी पोटाशी धरून उभे! मी वाकून नमस्कारच केला. आता त्यांचे जुने प्रतिसाद उघडले की सगळे त्या मऊ आवाजात ऐकू येतात. जुनी भांडणंसुद्धा. धरणांच्या धाग्यावर आमचं चार दिवस वाजलं होतं, आठवते नं सगळ्यांना, ते मी काल रात्री पुन्हा पहिल्यापासून वाचलं अन् त्यात काकांची एकही ओळ रागाची नाही हो. राग मी माझ्या मनानं वाचला होता तेव्हा.

काका, हे तुम्हाला समोर बोलायचं राहून गेलं म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते. माझं चुकलं होतं.

बाकी सकाळचे तर्री पोहे, शनिवार रात्रीचं सावजी, फुटाळा तलावावरची थंडी, हे तुम्ही भरा. माई, तुम्ही रविवारी जे सांगितलं ते मी नाही लिहिणार, ते तुमचं आहे. जमलं तर तुम्हीच लिहा, नाही जमलं तरी चालते.

मुठेकाठी

आले गं सुखरूप, गाडी दोन तास उशिरा आली पण मला काही वाटलं नाही कारण पिशवीत तुझ्या सासूबाईंनी दिलेल्या उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या आणि समोरच्या बर्थवरच्या आजी यवतमाळच्या निघाल्या, मग काय, दोघींनी मिळून दौंडपर्यंत संपवल्या.

मला लिहायचंय ते सांबारवडीबद्दल. नवीन लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते, माझी आणि नागनदीची ओळखच सांबारवरून झाली. २०१७ च्या हिवाळ्यात तिनं पाककृती टाकली होती, त्यात पहिलीच ओळ "दोन जुड्या सांबार निवडून, धुऊन, रात्रभर फडक्यावर पसरून ठेवा". मी पुण्याची, मला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, मी अगदी मनापासून विचारलं की सांबार फडक्यावर पसरतात कसं. तिनं उत्तर दिलं, अगं आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आणि मग त्यावरून जे सुरू झालं ते टोमॅटोला भेदरं, पिठल्याला चून, शेंगदाण्याला फल्ली, असं करत करत तो धागा पाककृतीचा राहिलाच नाही. त्या हिवाळ्यात माझं घर बदलायचं चाललं होतं, फार एकटी पडले होते मी, आणि रोज रात्री नवीन शब्द वाचायला यायचे.

पण नऊ वर्षांत ती वडी मला एकदाही जमली नव्हती, हे मी कधी सांगितलं नाही. फोटो टाकला होता तो बाहेरून आणलेल्या वडीचा होता. आज सांगते.

शनिवारी दुपारी तुझ्या सासूबाई करायला बसल्या तेव्हा मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले ते उठलेच नाही. वाचून जे कळलं नव्हतं ते हातात होतं सगळं. कोथिंबीर इतकी कोरडी की चिरताना सुरीला पाणी लागत नव्हतं. तिळाबरोबर खसखस, किसलेलं सुकं खोबरं आणि चारोळी, आणि मीठ त्यांनी सगळ्यात शेवटी, अगदी भरायच्या क्षणी घातलं, कारण आधी घातलं तर सांबाराला पाणी सुटतं आणि पुड, म्हणजे बाहेरची पोळी, मऊ पडतो. हे तुझ्या पाककृतीत नव्हतं गं! मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "हे का लिहायचं असते, हे तर माहीतच असते." मग पोळीला आतून चिंचेचा कोळ आणि गोडा मसाला तेलात कालवून बोटानं फिरवायचा, आपण पाकिटाला डिंक लावतो तसा कडेपर्यंत नाही, कडा कोरडी ठेवायची. आणि घडी घालताना त्या श्वास रोखून धरायच्या. प्रत्येक वडीला. मी मोजलं, बावीस वड्या, बावीस वेळा.

कढीबरोबर खाल्ली, पाच खाल्ल्या मी.

ठाणे_लोकल

आम्ही तिघं समृद्धी महामार्गानं गाडी चालवत आलो आणि गेलो. ७०१ किलोमीटर. जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडा उघडला तेव्हापासून म्हणत होतो की आता नागपूर लांब नाही, पण जाऊन आल्यावर सांगतो, रस्ता एकदम सरळ आहे आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो, त्यामुळे पुढच्या वेळी कोणी येणार असेल तर दर दोन तासांनी थांबा, ड्रायव्हर बदला. आम्ही मेहकरपाशी बदलला.

सावजीबद्दल: नागनदीताईनं आधीच सांगितलं होतं की पहिला घास भाताबरोबर घे, रश्शात बोट बुडवून चव बघू नकोस. ऐकलं म्हणून वाचलो. तिखट आहेच, पण मला जे लक्षात राहिलं ते तिखटाच्या खालचं, तो काळपट भाजलेल्या मसाल्याचा वास आणि जवसाच्या तेलाचा. ताईच्या मिस्टरांनी सांगितलं की हे मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं. गोळीबार चौकाच्या बाजूला गल्लीतून चालत गेलो तेव्हा त्यांनी घरं दाखवली, ह्या घरात माग होता, त्या घरात होता. आता बहुतेक ठिकाणी नाहीत. शाकाहारी मंडळींना पाटोडी रस्सा मिळाला आणि त्यांचंही नाक तेवढंच वाहत होतं.

परदेशी_चिमणी

मी व्हिडिओ कॉलवर दीड तास होते, तुम्ही मला फ्रिजला टेकवून ठेवलं होतं आणि मधेच विसरून गेलात, आणि ती वीस मिनिटं मला सगळ्यात आवडली. समोर नुसती खिडकी दिसत होती. मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी "अरे तो गंज दे इकडे" म्हणालं (गंज म्हणजे पातेलं), खाली भाजीवाला ओरडत गेला, आणि मग माई हसल्या. माईंचं हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इथे रात्रीचे साडेतीन वाजले होते, बाहेर बर्फ, मी रजई डोक्यावर घेऊन ऐकत बसले होते.

मला परत फ्रिजला टेकवा कधीतरी.

पांढुर्णेकर

भौ मी रोज वाचतो पण लिहायला बसलं की हिंदी घुसते मधात, सांभाळून घ्या.

माझ्यासाठी तो झिरो माईलचा दगड म्हणजे पूर्ण ट्रिप वसूल. मी नागपूरला शंभर वेळा आलो असेन, आमच्या पांढुर्ण्याहून दोन तासांची गाडी, कापड घ्यायला नागपूर, डोळे तपासायला नागपूर, बायकोचं माहेर नागपूर. पण त्या चार घोड्यांच्या बाजूनं नेहमी गाडीतूनच गेलो. ह्या वेळी काकांनी उतरवलं आणि म्हणाले, खाली वाका आणि वाचा. पायाच्या बाजूंवर गावांची नावं आणि मैल कोरले आहेत, जुन्या इंग्रजी स्पेलिंगात. हैदराबाद ३१८. चांदा १२५. जबलपूर १७०. शिवनी ७९. बैतूल १०१. आणि छिंदवाडा ८३.

छिंदवाडा वाचलं आणि मी तिथंच उकिडवा बसलो. आमचं पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यातलंच की, २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला ते सोडा. आमचे आजोबा सांगत की आपली राजधानी नागपूर. मी लहानपणी शाळेत भोपाळ लिहायचो तर त्यांना राग यायचा. त्यांचं सगळं आयुष्य कोर्ट, कचेरी, अर्ज, सगळं नागपूरला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नवीन झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घर तेच, शेत तेच, घरात बोलणं मराठी तेच. संत्री आजही तीच, तिकडची आणि इकडची, झाडाला काय माहीत.

तर इथं मराठीत लिहिणाऱ्या माणसांमध्ये मला नेहमी थोडं पाहुण्यासारखं वाटायचं. खरं सांगतो. कोणी कधी तसं वागवलं नाही पण वाटायचं. दगडावर आमचं नाव आधीपासून कोरलेलं पाहिलं तेव्हा ते गेलं.

दुर्बीण

नागनदी, तुम्ही लिहिलंत ते वाचलं. माझ्याकडून तो विषय त्याच आठवड्यात संपला होता. तुमचा मुद्दाही त्यात अगदीच चुकीचा नव्हता, विस्थापितांच्या बाजूने तुम्ही जे लिहिलं होतं ते मी नंतर दोन ठिकाणी सांगितलं आहे.

दगडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शनिवारी ऊन चढलं आणि पोह्यांची घाई झाली. तिथे एक समजूत सर्रास ऐकू येते की हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू. दगडाचं काम ते नव्हे. ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळात, १९०७ साली, तो उभा केला. स्तंभाशेजारी जो छोटा दगड आहे, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो जी.टी.एस. (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) स्टँडर्ड बेंच मार्क, म्हणजे मोजलेल्या उंचीची पक्की खूण, आणि माझ्या दृष्टीनं खरा ऐवज तो. नोंदवलेली उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे ३११ मीटरच्या आसपास. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेली.

आता समुद्र नागपुरापासून कुठल्या कुठे. मग ही उंची इथवर आली कशी? चालत आली. डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीवर मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काम केलं, पद्धत मूळची तीच. मधे दुर्बीण लावायची, मागे एक पट्टी, पुढे एक पट्टी, दोन्ही सारख्या अंतरावर, मागचं वाचायचं, पुढचं वाचायचं, फरक लिहायचा, मग सगळा सरंजाम उचलून पुढे. असे हजारो मुक्काम. ह्या जाळ्याचा हिशेब १९०९ साली पक्का झाला आणि त्याचं शून्य म्हणजे कराची, मुंबईपासून कोचीन, मद्रास, विशाखापट्टणपर्यंत नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून काढलेली समुद्राची सरासरी पातळी. भर उन्हात मोजत नसत, जमिनीलगतची हवा थरथरते आणि पट्टीवरचे आकडे नाचतात. पहाटे आणि संध्याकाळी काम. आणि जिथून निघालो तिथेच फिरून परत यायचं, मग कळतं चूक किती साठली ते. परत आल्याशिवाय मोजमाप खरं धरत नाहीत.

मी ह्या कामातला माणूस, अकोल्याला राहणारा, आणि ह्या दगडाला हात पहिल्यांदा लावला तो अडुसष्टाव्या वर्षी, तुमच्यामुळे.

हिंगणघाटकर

मला यायचं होतं, शुक्रवारी संध्याकाळी लेकीला ताप भरला म्हणून नाही आलो. आता बरी आहे. सगळ्यांचे फोटू पाहून हळहळ होऊन राहिली.

काकांच्या प्रतिसादात एक आमच्या गावची भर घालतो. आज २० जानेवारी. ते त्रिकोणमितीचं सर्वेक्षण ज्यानं सुरू केलं तो विल्यम लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे येत होता आणि वाटेत आमच्या हिंगणघाटला वारला, १८२३ साली, आजच्याच तारखेला. १८०२ मध्ये मद्रासजवळून मोजत निघाला होता. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बरोबर घेऊन वीस वर्षं वर सरकत आला. सत्तरीच्या आसपासचा माणूस, खोकल्यानं बेजार. त्याची कबर आहे आमच्याकडे. मी लहानपणी तिथून सायकल घेऊन जायचो अन् कोणाची ते माहीत नव्हतं. पुढं त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं चालवलं, त्याचं नाव जगाला माहीत झालं. लॅम्टन आमच्याकडेच राहिला.

दुपारी जाऊन आलो आज. गवत वाढलं आहे. थोडं काढलं.

पुढचं गटग हिंगणघाटला ठेवा. नागपूरहून दीडेक तासाचा प्रवास, जेवण माझ्याकडे, वांग्याची भाजी आणि रोडगे, शेतात.

ठाणे_लोकल

हिंगणघाटला यायला मी आताच हो म्हणतो. काका त्या कबरीपाशी उभं राहून बोलतील आणि आपण ऐकायचं.

मुठेकाठी

+१. काका, "परत आल्याशिवाय मोजमाप खरं धरत नाहीत" हे मी वहीत लिहून घेतलं.

फुटाळ्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. रात्री साडेनऊला काठावर बसलो होतो, कणीस भाजणाऱ्याच्या शेगडीपाशी सगळे हात शेकत होते, मी पुण्यातून एक पातळ स्वेटर आणला होता आणि नागपूरची जानेवारी काय असते ते मला कोणीच सांगितलं नव्हतं (सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं), तर पांढुर्णेकर दादांनी न बोलता स्वतःची शाल काढून दिली आणि स्वतः शेगडीच्या अगदी जवळ सरकून बसले. शाल माझ्याकडेच आहे दादा. धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे.

पांढुर्णेकर

राहू दे ताई तिकडेच. पुण्यात थंडी नसते असं थोडीच आहे.

चाफा

मी चाफा, तुमची माई. मला टाइप करायला वेळ लागतो. नातवाने बोलून टाइप करायचे शिकवले आहे पण त्याला माझे शब्द कळत नाहीत, म्हणून एका बोटाने लिहिते आहे. हे दोन दिवस लिहिते आहे.

नागनदीने माझ्यावर सोडले म्हणून लिहिते.

मी आठ वर्षांची होते. आम्ही इंदोऱ्याला राहायचो. बाबा एम्प्रेस मिलमध्ये. बाबासाहेब सीताबर्डीवर श्याम हॉटेलात उतरले होते तेव्हा बाबा पाळी संपली की परस्पर तिकडे जायचे आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. दर्शन व्हायचेच असे नाही. तरी उभे राहायचे आणि उशिरा घरी यायचे. आई त्यांच्या भाकरी झाकून ठेवायची.

पांढरे कपडे घालून या असे सांगितले होते. आईकडे एकच धुवट लुगडे होते, पांढरे, पण त्याला निळा काठ होता. आदल्या रात्री तिने कंदिलाशी बसून तो काठ कात्रीने कापून काढला आणि कडा हाताने दुमडून शिवली. मी जागी होते. कापडाचा आवाज आठवतो. तो काठ तिने फेकला नाही, त्याची माझ्या वेणीला फीत झाली नंतर.

१४ ऑक्टोबर १९५६, दसरा होता. पहाटे इंदोऱ्याहून चालत निघालो. आता जिथे दीक्षाभूमीचा स्तूप आहे ते तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे मोकळे मैदान होते. मला काही दिसत नव्हते. माणसांच्या पाठी आणि धूळ, आणि सगळे पांढरे. महास्थविर चंद्रमणींनी आधी बाबासाहेबांना दीक्षा दिली हे मला मोठेपणी कळले. मग बाबासाहेबांनी सगळ्यांना उभे राहायला सांगितले आणि ते एकेक प्रतिज्ञा सांगू लागले, लोक मागून म्हणू लागले.

माझी आई मोठ्याने बोलत नसे. नळावर भांडण झाले तरी ती बादली उचलून बाजूला व्हायची. बाबांशीसुद्धा हळू बोलायची. त्या दिवशी तिने माझे मनगट धरले होते, मी गर्दीत हरवू नये म्हणून, आणि ती मोठ्याने म्हणत होती. इतक्या मोठ्याने की मी मान वर करून पाहिले की हा आवाज हिचाच का. तिचे तोंड वर होते, पदर खांद्यावर पडला होता आणि तिला ते कळले नव्हते. एकेका प्रतिज्ञेला तिची पकड घट्ट होत गेली. बांगडी रुतली. मी बोलले नाही. संध्याकाळपर्यंत वळ होता.

शब्द मला आठवत नाहीत. ते मी पुढे पुस्तकात वाचले, पाठ केले. मला आवाज आठवतो.

दिवस फार गेले नाहीत तोच ६ डिसेंबर आला. त्या दिवशी आई काहीच बोलली नाही.

स्तूप २००१ साली उघडला, राष्ट्रपती नारायणन आले होते. तेव्हा आई नव्हती. मी बघायला गेले आणि घुमटाखाली उभी राहून विचार केला की इथे नक्की कुठे उभ्या होतो आम्ही. ते काही कळायला मार्ग नाही.

हे मी शाळेत इतकी वर्षे शिकवताना मुलांना सांगितले नाही. तारीख शिकवली, सन शिकवला. इथेही कधी लिहिले नाही, तुम्हाला माझे कवितांवरचे प्रतिसाद तेवढे माहीत. रविवारी तिथल्या पायऱ्या उतरताना माझा तोल गेला आणि त्या मुलीने मला धरले, तिने माझा हात नाही, मनगट धरले. घट्ट. मग बोधिवृक्षाखाली बसल्यावर ते आपोआप सांगितले गेले.

तुम्ही कोणी मधे बोलला नाहीत. बरे वाटले.

दुर्बीण

माई, नमस्कार करतो.

परदेशी_चिमणी

माई, मी हे मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बारा वर्षांची आहे. तिनं विचारलं, त्या फितीचं पुढे काय झालं?

चाफा

आहे. ट्रंकेत आहे. रंग गेला.

पांढुर्णेकर

१९५६ म्हटलं की मला फक्त आमची राजधानी गेली एवढंच माहीत होतं. त्याच ऑक्टोबरात त्याच गावात हे झालं होतं आणि आमच्या घरात ते कधी कोणी बोललं नाही. मी आज आमच्या वडिलांना फोन करून विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, आम्ही विचारलंच नाही कधी कोणाला. माई, पुढच्या वेळी मी त्यांना तुमच्याकडे घेऊन येईन, चालेल का?

चाफा

चालेल. चहा पिऊन जा म्हणावे.

काठावरची

नमस्कार. हा माझा पहिला प्रतिसाद आहे. आयडी काढून आठ वर्षं झाली पण मी वाचनमात्र होते, एक अक्षर लिहिलेलं नाही.

मला तुम्ही सगळ्यांनी शनिवारी विचारलं की लिहीत का नाहीस, मी हसून टाळलं. खरं कारण असं की मी आले तेव्हा माझी आई आजारी होती, चार महिने दवाखान्यात होती, रात्री वॉर्डातला दिवा बंद झाला की मी फोनचा उजेड कमी करून इथले जुने धागे वाचायची. सांबारचा पूर्ण वाचला. धरणांचं भांडणही वाचलं. तुम्ही सगळे बोलत असायचे आणि मी खुर्चीवर बसून ऐकत असायची असं वाटायचं, आणि मग आई गेल्यावर लिहायला घेतलं की वाटायचं, आता मधेच काय बोलणार, हे लोक मला ओळखत नाहीत, मी यांना ओळखते. असं करत वर्षं गेली. भंडाऱ्याहून नागपूर दीड तास, तरी गटगला यायचं ठरवून दोनदा बसस्टँडवरून परत गेले होते मागच्या वेळी. ह्या वेळी उतरले.

माई, मनगट धरलं ते मला लक्षातही नव्हतं. आईला पलंगावरून उठवताना नर्सताईंनी तसंच धरायला शिकवलं होतं, हात धरला तर निसटतो म्हणायच्या, मनगट धरा. तीच सवय.

नागनदीताई, तुम्ही बसमध्ये दिलेला स्टीलचा डबा माझ्याकडे आहे. त्यातल्या वड्या बाबांनी खाल्ल्या, आईच्या हातची आठवली म्हणाले. म्हणून काल मी स्वतः करायला घेतल्या. सांबार रात्रभर पसरलं, मीठ शेवटी घातलं मुठेकाठीताईंनी लिहिलं तसं. पण तेलात टाकल्यावर चारपैकी तीन पुड फुटले आणि सारण तेलात पसरलं. काय चुकलं असेल? पोळी पातळ झाली का? डबा रिकामा परत द्यायचा नाहीये मला.

नागनदी

लिहिलंस! आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवलं आत्ताच, त्या सांगून राहिल्या आणि मी टाइप करून राहिली, म्हणून त्यांच्याच शब्दांत देते.

पोळी पातळ नाही झाली, मोहन जास्त झालं असेल. बेसनात कणीक किती घातली? वाटीभर बेसनाला अर्धी वाटी कणीक लागते, नुसत्या बेसनाचा पुड तडकते. मोहन दोनच चमचे, अन् कडकडीत. भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचं. सारण भरताना हातानं दाबून हवा काढायची, आत हवा राहिली की फुगून फुटते. तेल आधी चांगलं तापवायचं आणि वडी सोडली की आच लगेच कमी. आणि वडी टाकल्या टाकल्या झारा लावायचा नाही, झाऱ्यानं तेल वरून उडवायचं, वरची बाजू पांढरी पडून कडक झाली की मगच पलटवायची.

आई म्हणते, एक करून बघ आधी, चार सोबत टाकू नको. अन् फोन कर मला करताना, स्पीकरवर ठेव, तेलाचा आवाज ऐकला की मी सांगते आच किती पाहिजे ते.